चहा, लघवी आणि खिडकीतून टाकलेला रुमाल

प्रश्न असा आला आहे. विचारणारे नोकरीसाठी मुंबईत, वडील देवगड तालुक्यात गावी. वडिलांचं वय ७१, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. दिवसातून सात-आठ वेळा अर्धा-अर्धा कप चहा होतो. चहा घेतला की दहा मिनिटांत लघवीला धाव, शिवाय रात्री तीनदा उठणं. बीपीची गोळी चालू आहे. गावात कुणीतरी सांगितलं की चहात कॅफीन, थिओफिलिन आणि थिओब्रोमिन अशी तीन द्रव्यं असतात, ती एकमेकांत मिसळली की अंगातलं पाणी ओढून बाहेर काढतात, तेव्हा म्हाताऱ्याचा चहा तोडा. तोडावा का?

नको. मात्र रात्री तीनदा का उठावं लागतं ते शोधायलाच हवं. माझ्या अंदाजाने त्यात चहाचा वाटा सगळ्यात लहान निघेल.

कुडाळ-मालवण पट्ट्यात दवाखाना चालवून मला सव्वीस वर्षं झाली. ही तक्रार जवळजवळ याच शब्दांत आठवड्याला एकदा तरी ऐकतो. "डॉक्टरांनू, चाय घेतलंय काय धा मिनटात धावूचा लागता." त्यातली 'धा मिनटा'च मला कायम खटकतात. किडनीची यंत्रणा इतकी चपळ नाही.

घोट गिळल्यावर चहा जठरातून आतड्यात उतरतो आणि तिथे शोषला जातो. कॅफीनची रक्तातली पातळी साधारण अर्ध्या ते एक तासात शिगेला पोचते. पाण्याचं म्हणाल, तर रक्त किंचित पातळ झाल्याचं मेंदूला कळतं, मेंदू पाणी राखून ठेवणारं हार्मोन सोडणं कमी करतो, मग किडनी हात सैल सोडते. या साखळीला वेळ लागतो. लघवीचा लोंढा अर्ध्या तासानंतर जाणवू लागतो आणि तासाभराच्या आसपास सगळ्यात मोठा असतो. म्हणजे दहाव्या मिनिटाला जी बाहेर पडली ती या चहाची नव्हेच. ती मघाच्या पेजेची, आंबोळीबरोबर प्यायलेल्या पाण्याची, नाहीतर आधीच्या चहाची. लघवीची पिशवी आधीच बरीच भरलेली होती, एवढंच.

मग चहा पुढे आला की कळ का येते? थोडा भाग मूत्राशयाचा, त्याबद्दल पुढे सांगतो. उरलेला भाग सवयीचा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझा एक तर्क आहे. कंडक्टरने तीस-पस्तीस वर्षं स्टँडवर गाडी लागली की काय केलं? "गाडी दहा मिनिटं थांबेल" असं ओरडून आधी मुतारी गाठली, मग कॅन्टीनचा चहा घेतला, किंवा उलट. चहा आणि लघवी रोज, दिवसातून पाच-सहा वेळा, त्याच दहा मिनिटांत. अंग अशी जोडी विसरत नाही. नोकरी संपली तरी कप हातात आला की शरीराला वाटतं, स्टँड आला.

आता त्या तीन द्रव्यांकडे येऊ. ती खरी आहेत, आणि एकाच घराण्यातली सख्खी भावंडं आहेत. शास्त्रज्ञ या घराण्याला मिथिलझँथिन म्हणतात. चहाच्या कोरड्या पानात कॅफीन वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के असतं. थिओब्रोमिन त्याच्या कितीतरी पट कमी. थिओफिलिन तर नावालाच. नाव मात्र त्याला चहावरूनच मिळालं, कारण आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली ते चहाच्या पानातून वेगळं काढलं होतं.

घरातल्या चहाचा ढोबळ हिशेब मांडू. एक सपाट चमचा पावडर, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास. कोकणात आपण ती चांगली खळखळ उकळतो, त्यामुळे पानातलं बहुतेक कॅफीन पाण्यात उतरतं. त्यातून वडिलांचे दोन अर्धे कप होतात. म्हणजे अर्ध्या कपात वीस-पंचवीस मिलिग्रॅम धरा. थिओफिलिन भरल्या कपातही फार तर एखादा मिलिग्रॅम. याच थिओफिलिनचं औषध दम्याच्या पेशंटला देतात, तेव्हा दिवसाची मात्रा काहीशे मिलिग्रॅम असते. डेरिफायलिनचं इंजेक्शन घेतलेल्या आजोबांना लघवीला फेऱ्या माराव्या लागल्या असतील तर तो थिओफिलिनचा प्रताप म्हणता येईल. चहातला एक मिलिग्रॅम त्या पंगतीत बसत नाही. गंमत अशी की चहात आयतं असतं त्याहून जास्त थिओफिलिन आपलं लिव्हरच बनवतं. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी सुमारे ४ टक्क्यांचं थिओफिलिन होतं, १२ टक्क्यांचं थिओब्रोमिन, आणि ८० टक्क्यांहून अधिक भागाचं पॅराझँथिन नावाचं चौथं भावंड. म्हणजे तीन द्रव्यं चहात एकत्र येण्याची वाट बघायला नको. नुसतं कॅफीन प्यायलात तरी सगळं कुटुंब अंगात जमतंच.

जमतं, पण एकमेकांचा जोर वाढवत नाही. का, ते वडिलांना समजावताना एसटीचाच दाखला द्या.

आपल्या पेशींवर ॲडिनोसिन नावाच्या रेणूसाठी बसायच्या जागा असतात. तो जागेवर बसला की काम सुरू होतं. मेंदूत बसला की झोप आणतो. किडनीत त्याच्याकडे दोन कामं असतात. दोन्ही किडन्यांतल्या लाखो गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतलं जातं. गाळणीपुढच्या नळीत मीठ जास्त आलं तर ॲडिनोसिन गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी किंचित आवळतो, हे एक. नळीच्या पहिल्या वळणात मीठ परत ओढून घ्यायला मदत करतो, हे दुसरं. आणि मीठ जिकडे जातं तिकडे पाणी जातं.

आता गणपतीच्या दिवसांतला स्टँड डोळ्यांपुढे आणा. गाडी लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल पडतात. रुमाल काही तिकीट काढत नाही, प्रवास करत नाही, फक्त जागा अडवतो. कॅफीन म्हणजे असा रुमाल आहे. ॲडिनोसिनच्या सीटवर जाऊन पडतो, स्वतः काही करत नाही, पण ॲडिनोसिनला बसू देत नाही. मग रक्तवाहिनी आवळायला कुणी नाही, मीठ ओढायला कुणी नाही. थोडं जास्त मीठ आणि त्यामागोमाग थोडं जास्त पाणी लघवीवाटे निसटतं. चहा मूत्रल आहे म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. २००५ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगाने हे पक्कं केलं. ज्या उंदरांत ही विशिष्ट सीटच नव्हती, त्यांना कॅफीन आणि थिओफिलिन देऊनही लघवी वाढली नाही.

थिओफिलिन, थिओब्रोमिन आणि पॅराझँथिन हेही रुमालच, आणि टाकायच्या सीटही त्याच. थिओब्रोमिनचा रुमाल वाऱ्याने उडेल इतका हलका. एका सीटवर तीन रुमाल पडले तरी अडते एकच जागा. त्यामुळे तिघांची बेरीज होते, तीही तोकडी. गुणाकार होत नाही. 'एकमेकांत मिसळून पाणी ओढतात' या म्हणण्याला एवढाच आधार आहे.

आणि रोज रुमाल पडू लागले तर महामंडळ काय करतं? जादा गाड्या सोडतं. शरीरही अशीच तडजोड करतं. १९२८ साली एडी आणि डाउन्स या संशोधकांनी मोजक्या माणसांवर दाखवलं होतं की कॅफीनची सवय असलेल्याची लघवी तेवढ्याच मात्रेने वाढत नाही. चार-पाच दिवस पूर्ण बंद ठेवलं की ही सवय मोडू लागते. म्हणून चातुर्मासात चहा सोडलेला माणूस परत सुरू करतो तेव्हा पहिले दोन दिवस त्याला फरक जाणवला तर मी त्याला खोटं ठरवणार नाही. तुमचे वडील मात्र पन्नास वर्षांचे पासधारक आहेत.

नंतरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर सवय नसलेल्या माणसाची लघवी ठळक वाढायला एका वेळी २५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन लागतं, म्हणजे पाच ते आठ भरलेले कप एका बैठकीत. एवढं घेऊनही वाढ किती? सरासरी १०० मिलिलिटरच्या थोडी वर. एक कटिंग समजा. तुमच्या वडिलांचे आठ अर्धे कप दिवसभरात मिळून दोनशे मिलिग्रॅमपर्यंत जातात, तेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत विभागून.

थेट चहावर झालेली दोन कामं मला महत्त्वाची वाटतात. २०११ साली इंग्लंडमध्ये २१ पुरुषांना एका दिवशी बारा तासांत चार किंवा सहा मोठे मग चहा दिला, दुसऱ्या वेळी तेवढंच कोमट पाणी. रक्तात आणि २४ तासांच्या लघवीत फरक सापडला नाही. २०१६ साली ७२ पुरुषांना वेगवेगळी पेयं एकेक लिटर पाजून पुढचे चार तास लघवी मोजली. चहा पाण्याच्याच रांगेत बसला. अंगात जास्त टिकलं ते दूध आणि ओआरएसचं पाणी. हे सगळे धडधाकट पुरुष होते, सत्तरीचे आजोबा त्यांत नव्हते, हे लक्षात ठेवतो. तरीही चहाने अंग सुकतं हे म्हणणं मी पेशंटपुढे पूर्वी करायचो, ते या अभ्यासांनंतर सोडलं. दुधाचा चहा तर पाण्याच्या हिशेबात बिनधास्त धरावा.

'मिसळण्या'बद्दल विचारलंच आहे तर एक खरी मिसळण घरीच बघा. कोरा चहा गाळून काचेच्या ग्लासात ठेवा आणि गार होऊ द्या. मघाशी तांबूस, आरपार दिसणारा चहा हळूहळू गढूळ होतो, तळाशी साय धरल्यासारखा. ते कॅफीन आणि चहातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनच्या जातीची, एकमेकांना चिकटल्यामुळे होतं. परत गरम केला की पुन्हा निवळतो. यावरून कुणी सांगतं की टॅनिन कॅफीनला धरून ठेवतं म्हणून चहा सौम्य. तसं नाही. पोटात ही मिठी टिकत नाही, चहातलं कॅफीन जवळजवळ सगळं शोषलं जातं. चहा सौम्य वाटतो तो मुळात कपात कॅफीन कमी असतं म्हणून. दूध घातलं की त्यातली प्रथिनं टॅनिनला धरतात आणि तुरटपणा मरतो, कॅफीनला त्याचं सोयरसुतक नाही. टॅनिनचा खरा उपद्रव लोहाला आहे. जेवणाला लागून चहा घेतला तर भाजीपाल्यातलं लोह कमी शोषलं जातं. आमच्याकडच्या रक्त कमी असलेल्या बायकांना मी चहा सोडा म्हणत नाही, जेवणापासून तासभर लांब ठेवा म्हणतो. थिअनिन म्हणून आणखी एक द्रव्य चहात असतं, जपानमध्ये १९४९ साली ओळखलेलं. कॅफीनची धडधड जरा मवाळ करतं असं दिसतं, पण तो कारभार मेंदूतला. लघवीशी त्याचं देणंघेणं नाही. गवती चहाच्या दोन पाती आणि आल्याचा तुकडा यांत कॅफीन अजिबात नाही, घाला खुशाल.

आता मूत्राशय. माझ्या दवाखान्यात खरी गफलत इथे होते, आणि ती भाषेमुळे होते. "लघवी जास्त होते" या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक, दिवसभराची लघवी मापाने जास्त. दुसरी, माप तेवढंच पण फेऱ्या जास्त. पहिली किडनीची, साखरेची, हार्मोनची गोष्ट. दुसरी पिशवीची, पुरुषांत प्रोस्टेटची, बायकांत बऱ्याचदा जंतुसंसर्गाची. कॅफीन पिशवीच्या स्नायूला चाळवतं, त्यामुळे ती पुरती भरायच्या आत आवळू पाहते आणि कळ येते. म्हणजे चहाने फेऱ्या वाढू शकतात, माप न वाढता. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची पिशवी आधीच चिडलेली असते, तिला एवढं निमित्त पुरतं.

काही वर्षांपूर्वी एक बागायतदार आले होते. ऐन आंब्याचा हंगाम, दिवसभर कलमांखाली. लघवी फार होते, चहा सोडला तरी थांबत नाही, तहान भागत नाही, दोन महिन्यांत विजार सैल झाली. चहा सोडून त्याच्या जागी दिवसाला चार-पाच ग्लास कोकम सरबत सुरू केलं होतं, साखर घातलेलं. बोटातून थेंब घेतला तर साखर पावणेचारशे. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि आपल्याबरोबर पाणी खेचते. खरं पाणी ओढणारं द्रव्य ते, आणि हा गृहस्थ दोन महिने चहाला शिव्या देत बसला होता. वडिलांच्या आठ अर्ध्या कपांत प्रत्येकी दीड चमचा साखर असेल तर दिवसाला बारा चमचे होतात. चहातलं मला काही तोडायचं असेल तर ते हे.

उलटी बाजूही सांगतो. चिरेखाणीवरचे कामगार एप्रिल-मे मध्ये कमरेत कळ घेऊन येतात, लघवी गडद पिवळी. विचारलं तर सकाळपासून चार चहा, पाणी जवळजवळ नाही. तेही म्हणतात चहाने सुकलो. चार अर्धे कप म्हणजे तीनशे मिलिलिटर. त्या जांभ्याच्या भट्टीत घामावाटे तेवढं अर्ध्या तासात जात असेल. चहाने सुकवलं नाही, चहा पुरला नाही. मुतखड्याच्या भीतीने चहातलं ऑक्झलेट बरेच जण विचारतात. दुधाचा चहा असेल तर दुधातलं कॅल्शियम आतड्यातच बरंचसं ऑक्झलेट बांधून ठेवतं. अमेरिकेत २०१५ साली ज्या माणसाच्या किडन्या चहामुळे बंद पडल्याची नोंद झाली, तो रोज सोळा ग्लास थंड चहा पीत होता. तो मार्ग आपला नाही.

औषधांत एकच जोडी मला नेहमी भेटते. लघवीला जळजळ म्हणून पेशंट सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतो, पुष्कळदा स्वतःच मेडिकलमधून आणून. ही गोळी लिव्हरमधलं कॅफीन मोडणारं एन्झाइम अडवते, त्यामुळे रोजचाच चहा अंगात बराच जास्त वेळ रेंगाळतो. छाती धडधडते, झोप उडते. झोप उडाली की माणूस लघवीला उठतो आणि वाटतं संसर्ग वाढला. उलट बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत धुरामुळे तेच एन्झाइम जोरात चालतं, कॅफीन झटपट मोडतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ते फार सावकाश मोडतं, म्हणून तिथे दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायचं.

आता वडिलांच्या रात्रीच्या तीन फेऱ्या. बीपीची कुठली गोळी, ते तुम्ही लिहिलं नाही. अॅम्लोडिपिन असेल तर संध्याकाळी घोटे बघा. मोज्याचा वळ खोल उमटतो का, बोटाने दाबलं तर खळगा राहतो का. या गोळीने काहींच्या पायांत पाणी उतरतं. दिवसा ते घोट्यात साठतं, रात्री आडवं झालं की रक्तात परत येतं, आणि किडनी ते रात्री बाहेर काढते. त्याचा आळ बिचाऱ्या संध्याकाळच्या चहावर. गोळीत लघवीची गोळी मिसळलेली असेल आणि ती रात्री घेत असतील, तर सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. स्वतः बंद करू नका. जोरात घोरत असतील, घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तेही सांगा, त्यानेही रात्री लघवी वाढते.

चहात बदल करायचाच असेल तर एवढा करा. शेवटचा कप दुपारी चारच्या आत. कॅफीनची अर्धी मात्रा उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तही. संध्याकाळी हवाच असेल तर पातीचं दूध-पाणी उकळून द्या, पावडर न घालता. कप हातात आल्याशी त्यांना मतलब.

आणि तीन दिवस वही ठेवा. गणपतीत गावी जाल तेव्हा जमेल, फक्त पाऊस लक्षात धरा. पावसाळ्यात घाम कमी येतो, तेच पाणी लघवीवाटे जातं, त्यामुळे मे महिन्याशी तुलना करू नका. प्लास्टिकचा, मिलिलिटरच्या खुणा असलेला मग आणा, मोरीत ठेवा. दर वेळची वेळ आणि माप लिहायचं, काय प्यायले ते शेजारी. रात्री झोपल्यानंतरच्या फेऱ्यांचं माप वेगळं, सकाळी उठल्यावरची पहिली लघवी त्यात धरायची. दिवसरात्र मिळून तीन लिटरच्या वर गेलं तर माप जास्त, दीड-दोन लिटर भरून फेऱ्या बारा असतील तर पिशवी किंवा प्रोस्टेट, आणि एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल तर पाय, गोळी, झोप. लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा धारच अडली तर वहीसाठी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

कंडक्टर माणूस आहे, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायची सवय असेल, वही चोख ठेवतील. ती घेऊन डॉक्टरांकडे जाल त्या दिवशी उपाशीपोटीची साखर, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. त्या दिवसाचा पहिला चहा मात्र रक्त दिल्यावर.